शिकवलेले इमान

धाराशिव जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गचा खंडोबा ठाऊक नाही असा माणूस विरळा. या देवाच्या घोड्यासोबत कुत्रा असतो. त्याला आपण हात जोडतो आणि दारचे पिल्लू मात्र दगड मारून हाकलतो. हे कसे?

कुत्र्याची सोबत आपल्याकडे फार जुनी. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ साली प्राचीन कांस्यरथ सापडला. त्याच्या दांडीवर कुत्रा उभा आहे. सातारचे छत्रपती शाहू महाराज (१७०७–१७४९) यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. वाघापासून त्याने धन्याला वाचविले, असे सांगतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी शिकारी कुत्री निगुतीने जोपासली. २०१६ साली त्या जातीची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात शिकायला गेली.

इमान उपजत असते, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या ओळखीपाळखीचा. त्या दिवसांत ज्याने माणसे, पोरे, शेरडे-मेंढरे पाहिली, ते पुढे सहसा बुजत नाही. म्हणून तर देशोदेशीचे मेंढपाळ राखणीचे पिल्लू कळपातच वाढवितात. ज्याला नुसती साखळी अन् काठी भेटली, ते भीतीपोटी अंगावर येते, आणि बोल लागतो त्याच्या जातीला.

गुरुजींनी मुलांना एवढे सांगावे: हुकमाचा शब्द एकच ठेवा, ऐकले की लगेच भाकरीचा तुकडा द्या, मारू नका. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या. इमान मागायचे, तर आधी ते शिकवावे लागते.