लोकांची गाडी: मॉडेल टी आणि बीटल

१/ १७ फेब्रुवारी १९७२ रोजी फोक्सवॅगनच्या बीटलने फोर्डच्या मॉडेल टीचा उत्पादनविक्रम मोडला. दीड कोटी गाड्यांचा हा विक्रम जवळपास ४५ वर्षे अबाधित होता. दोन्ही गाड्या ‘सामान्यांची गाडी’ म्हणून ओळखल्या गेल्या. परंतु सामान्य माणूस त्या गाडीपर्यंत पोहोचला कसा, याचा इतिहास दोन्हीकडे अगदी भिन्न आहे.

२/ मॉडेल टी ऑक्टोबर १९०८ मध्ये आली. किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. चेसीच्या जोडणीला पूर्वी साडेबारा तास लागत. पुढच्याच वर्षी ते काम ९३ मिनिटांवर आले. १९२५ पर्यंत सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरना मिळू लागला.

३/ मात्र दिवसभर एकच हालचाल करून कंटाळलेले कामगार नोकरी सोडून जात. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला ५ डॉलर जाहीर केले. हे औदार्य नव्हते. पूर्ण रकमेसाठी कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरी जाऊन स्वच्छता, बचत आणि मद्यपान यांची चौकशी करीत. तरीही गाडी घडवणाऱ्याला ती विकत घेता येण्याची शक्यता येथे निर्माण झाली.

४/ आता जर्मनी. फर्डिनांड पोर्शे यांनी आराखडा केलेल्या गाडीच्या कारखान्याची कोनशिला २६ मे १९३८ रोजी हिटलरने बसवली. गाडीची किंमत ९९० मार्क. आठवड्याला किमान ५ मार्कांचे तिकीट पुस्तिकेत चिकटवायचे. या दराने पैसे फेडायला जवळपास चार वर्षे लागणार होती. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी नावे नोंदवली.

५/ त्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्करी वाहने बनवू लागला. तेथे युद्धकैदी, छळछावण्यांतील बंदी आणि व्याप्त देशांतून आणलेली माणसे यांच्याकडून सक्तीने काम करून घेतले गेले.

६/ १९४५ नंतर कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात गेला. मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली बीटलचे उत्पादन मार्गी लागले. १९५५ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. जुने बचतदार मात्र न्यायालयात झगडत राहिले. १९६१ च्या तडजोडीत त्यांना नव्या गाडीवर कमाल ६०० मार्क सवलत किंवा १०० मार्क रोख देऊ केले गेले.

७/ फोर्ड यांनी नफ्यासाठी गाडी स्वस्त केली आणि ती लोकांना मिळाली. नाझी राजवटीने लोकांच्या नावाने पैसे गोळा केले. गाडी लोकांना मिळाली ती राजवट कोसळल्यावर. म्हणूनच ‘जनतेसाठी’ असा शिक्का असलेली वस्तू अभ्यासताना किंमत पाहून थांबू नये. पैसे कोणी भरले, श्रम कोणाचे होते आणि ती वस्तू अखेर कोणाच्या दारात पोहोचली, हेही विचारावे.