पांढरे रक्त

भयंकर रोगाचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, अशी आपल्या घरांची जुनी रीत. अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ म्हणायचे. आणि आजही कर्करोग झाला म्हणजे वडीलधारी मंडळी ‘तसलेच काहीतरी’ एवढेच पुटपुटतात. पण रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास वाचला की उलटेच दिसते. त्याला जसजसे नेमके नाव मिळत गेले, तसतसे त्याच्याशी झुंजणे माणसाला साधू लागले.

ही कथा सुरू होते इ. स. १८४५ मध्ये. एडिंबरोच्या डॉक्टर बेनेट ह्यांनी एका २८ वर्षांच्या कामगाराचे शव तपासले. त्यांना वाटले, रक्तात पू झाला आहे. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रूडॉल्फ फिरखो ह्या पंचविशीही न गाठलेल्या तरुणाने एका मृत स्वयंपाकीणबाईचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांबड्या व पांढऱ्या पेशींचे नेहमीचे प्रमाण पार उलटले होते. कारण ठाऊक नसता तर्क लढविण्याऐवजी, डोळ्यांना दिसले तेवढेच त्याने लिहिले : ‘पांढरे रक्त’. १८४७ साली ग्रीक शब्दांवरून त्याने त्याला ‘ल्युकेमिया’ म्हटले.

पण हा बिघाड होतो कोठे? रक्त हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होते, हे १८६८ साली नॉयमान ह्यांनी दाखविले आणि रोगाचे मूळ घर सापडले. पुढे पाउल एर्लिख ह्यांनी रंगांच्या साहाय्याने पेशी ओळखण्याची विद्या काढली. कापड रंगविण्याचे रंग काचपट्टीवरच्या रक्ताला दिले की निरनिराळ्या पेशी निरनिराळे रंग धरतात! मग कळले की रोग एक नव्हेच. काही रोगी वर्षानुवर्षे झिजतात, तर काहींना तो काही आठवड्यांतच नेतो. ह्या दुसऱ्या प्रकारातला एक म्हणजे ‘अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया’.

ह्यात मज्जेतील कोवळ्या पेशी वाढून पक्व होतच नाहीत. नुसती गर्दी करतात. शेतात तण माजावे आणि पिकाला जागा उरू नये, तशी गत होते. तांबड्या पेशी घटल्याने माणूस फिकटतो, थकतो. निरोगी पांढऱ्या पेशी नसल्याने ताप हटत नाही. रक्त गोठविणाऱ्या कणिका उणावल्याने हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. कटीच्या हाडातून मज्जा काढून पाहतात. तीत अशा पेशी शेकडा २० किंवा अधिक आढळल्या, की सामान्यतः निदान पक्के होते.

आता घरोघर विचारला जाणारा प्रश्न : हा झाला कशाने? बेंझीन, विडी-सिगारेटचा धूर, किरणोत्सर्ग आणि कर्करोगावरचीच काही औषधे ही कारणे ठाऊक आहेत. १९४५ च्या अणुबाँबमधून वाचलेल्यांत पुढे हा रोग वाढला. तरीही पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत कारण सापडत नाही. तो संसर्गाने होत नाही. कुणाच्या पापाने तर नव्हेच. आईने स्वतःला बोल लावून घ्यावा, असे त्यात काही नाही.

शेवटचे नाव दिले गुणसूत्रांनी. शिकागोच्या जॅनेट राउली जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कातरून जुळवीत बसत; मुलांना वाटे, आई कागदाच्या बाहुल्या खेळते आहे! दोन गुणसूत्रांचे तुकडे परस्परांशी बदललेले त्यांना तेथेच दिसले. १९७७ साली त्यांनी ह्याच रोगाच्या एका उपप्रकारातील अशी खूण प्रसिद्ध केली. १९५७ साली नॉर्वेच्या हिलेस्टाड ह्यांनी वर्णिलेला हा उपप्रकार सर्वांत घातक. रोगी रक्तस्राव होऊन झपाट्याने दगावत.

आणि नवल असे, की तोच आज सर्वांत बरा होणारा ठरला आहे. शांघायचे वांग झेनयी ह्यांनी १९८५ साली एका पाच वर्षांच्या मुलीला ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनविलेले औषध दिले. पेशी मारण्याऐवजी ते त्यांना पक्व करते. मुलगी बरी झाली. त्याला जोड मिळाली आपल्या ओळखीच्या सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची. तो प्रयोग हार्बिनच्या वैद्यांचा.

बाकीच्या प्रकारांशी झुंज अजून कठीण आहे, विशेषतः उतारवयात. पण हा रोग वाट पाहत नाही. ताप हटत नसेल, डाग उठत असतील, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून दिवस घालवू नयेत. रक्त तपासून घ्यावे. आणि डॉक्टरांनी नाव सांगितले, तर ते नीट विचारून, पूर्ण लिहून घ्यावे. कोणते औषध लागू पडणार, हे त्या नावावरच ठरते.