खळ आणि सूत : पयनघाटातील पाजणीचा मागोवा

बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, मुंबई–कोलकाता महामार्गावर असलेले वडनेर भोलजी हे पूर्णेच्या खोऱ्यातले, म्हणजे जुन्या वऱ्हाडी भूगोलात ज्याला पयनघाट म्हणत त्या सखल, काळ्या मातीच्या पट्ट्यातले गाव आहे. या पट्ट्याचा इतिहास कापसाचा भाव, गाठी आणि आगगाडी यांच्या आधारे पुष्कळ वेळा सांगितला गेला आहे. मात्र त्याच कापसाचे सूत मागावर टिकावे म्हणून त्याला जी खळ पाजली जाई, तिची दखल फारशी घेतली गेलेली नाही. वऱ्हाडात जाडेभरडे कापड मुख्यतः महार विणकर आणि तलम कापड कोष्टी विणत, आणि दोघांच्याही कामाचे यश ताणा मागावर चढण्यापूर्वीच, पाजणीत ठरत असे.

पाजणी म्हणजे ताण्याचे उभे धागे मोकळ्या जागेत लांबच लांब ताणून, त्यांवर पिठाची पातळ खळ लावणे आणि कुंचीने एकाच दिशेने विंचरत ते सुकवणे. हे काम सकाळच्या गारव्यात उरकावे लागे, कारण ऊन चढल्यावर खळ वरच्या वर सुकून तिचे पापुद्रे निघत आणि धागा आतून कोराच राही. कुंचीचा हात थांबला तर शेजारचे धागे एकमेकांना चिकटत. तो नीट फिरला तर सुतावर उभे राहिलेले बारीक तंतू अंगाला बसत व धाग्याला गुळगुळीत कवच मिळे. वऱ्हाडी कापसाचा तंतू आखूड असल्याने हे कवच नसते, तर फणीच्या घर्षणाने ताणा वारंवार तुटला असता.

या कवचाचे रहस्य पिठातील स्टार्चमध्ये आहे. स्टार्च हे बहुवारिक, म्हणजे एकाच लहान रेणूच्या शेकडो-हजारो कड्या जोडून झालेली साखळी. त्यात अमायलोज ही बहुतांशी सरळ आणि अमायलोपेक्टिन ही फांद्यांची, अशा दोन जाती असतात. पाण्यात कालवलेले ज्वारीचे पीठ सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंत तापले की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, अमायलोज त्यांतून बाहेर झिरपते, आणि निवताना त्याच्या साखळ्या जागोजागी एकमेकींना बिलगून पाणी अडकवणारे जाळे तयार करतात. या जाळ्यालाच जेल म्हणतात. घरातली आंबील निवल्यावर घट्ट होते ती याच कारणाने, त्यामुळे विणकराच्या आणि स्वयंपाकिणीच्या ज्ञानात अंतर होते ते केवळ पातळपणाच्या अंदाजाचे. खळीत थोडे तेल घातले की तिचा पोत बदलतो: तेलाचे थेंब पाण्यात विखरून पायस बनते, दाट खळ त्यांना वर तरंगून एकत्र होऊ देत नाही, शिवाय तेलातील सुट्या मेदाम्लांभोवती अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळली गेल्याने जाळे विणायला ती कमी उरते आणि कवच ठिसूळ न होता लवचीक राहते.

बहुवारिकामुळे पायसाची आणि जेलची रचना बदलते, हे सूत्र आजच्या प्रयोगशाळांत याहून कितीतरी लहान मापावर तपासले जाते. मायक्रोइमल्शन या नितळ पायसातील थेंब मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. दोन्ही टोके तेलाकडे ओढ घेणारी बहुवारिक साखळी त्यात सोडली, तर तिची दोन टोके दोन वेगळ्या थेंबांत रुततात, आणि असे पूल पुरेसे झाले की वाहते मिश्रण जेलसारखे थिजते.

खळीतल्या स्टार्चसारख्या पदार्थांना नाव मिळाले ते १८६१ मध्ये. लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख टॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने स्टार्च, डिंक आणि सरस यांसारख्या, पडद्यातून सहज पार न होणाऱ्या द्रव्यांना सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘कलॉइड’ (मराठीत कलिल) म्हटले. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलेच होते. १८६७ मध्ये मुंबईहून लोहमार्ग नागपूरला पोचला, आणि १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव हा फाटा खास कापसासाठी सुरू झाला.

वऱ्हाडी कापूस लँकेशायरला गेला, पण त्याचा आखूडपणाही त्याच्याबरोबर गेला. लँकेशायरमध्येही सुताला पीठ आणि चरबी यांची खळ देत असत, परंतु चरबी महागल्यावर तिच्या जागी चिनी माती वापरण्याची चाल पडली होती. युद्धकाळात हिंदुस्थानी कापसाचे धागे फार तुटू लागताच खळ आणखी दाट झाली. स्टार्चचे जाळे मातीचे कण धरून ठेवते, म्हणून खळ हे धाग्याचे चिलखत न राहता वजन वाढवण्याचे साधन बनले, आणि काही कापडांत खळीचे वजन कापसाच्या वजनाच्या बरोबरीला पोचले. टॉडमर्डन या इंग्लंडमधील गिरणगावच्या विणकामगारांनी मातीच्या धुळीविषयी तक्रारी केल्यावर डॉ. जॉर्ज ब्यूकॅनन यांनी सरकारसाठी चौकशी केली व १८७२ मध्ये अहवाल दिला. खळ ओलसर राहावी म्हणून घातलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडसारख्या क्षारांमुळे दूरच्या जहाजप्रवासात कापडाला बुरशी लागे, तो उपद्रव वेगळाच.

मलकापूर, नांदुरा, खामगाव येथे पुढे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आणि सूत होऊन पाजणीला लागण्याऐवजी कापूस थेट स्टेशनाकडे जाऊ लागला. गावच्या विणकराची खळही पहिल्या धुण्यात निघून जाई, पण तिच्याखाली त्याने विणलेले कापड तेवढेच घट्ट उरत असे. भारी खळीच्या विलायती थानाचे पाणी मात्र पांढरे निघे, आणि दगडावर आपटल्यावर हातात राही ती विरळ वीण.