गोळीसोबतचा कागद

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद बहुतेक घरांत न वाचताच केराच्या टोपलीत जातो. रुग्णाला समजेल असा कागद त्याच्या हाती यावा, यासाठी मात्र एकेकाळी भांडावे लागले होते. अमेरिकेत हे भांडण स्त्रियांनी केले. औषधशास्त्राच्या इतिहासात मोठमोठ्या शोधांइतकेच महत्त्व मी या प्रकरणाला देतो.

१९६० साली ‘एनोव्हिड’ या गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळे. लाखो निरोगी स्त्रिया ती रोज घेऊ लागल्या. दशक संपता संपता ब्रिटनमधील अभ्यासांनी या गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे दाखवून दिले. ही माहिती डॉक्टरांसाठीच्या पत्रकांत येई. गोळी गिळणाऱ्या स्त्रीपर्यंत ती क्वचितच पोहोचे. १९६९ मध्ये बार्बरा सीमन या पत्रकार स्त्रीने पुस्तक लिहून या मौनाला वाचा फोडली.

जानेवारी १९७० मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी या विषयावर जाहीर सुनावणी सुरू केली. साक्षीसाठी तज्ज्ञ आले. गोळी घेणाऱ्या स्त्रियांना मात्र बोलावणे नव्हते. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या अ‍ॅलिस वुल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणी उभ्या राहून थेट विचारू लागल्या, की धोका ठाऊक होता तर आम्हाला का सांगितले नाही? टीव्हीचे कॅमेरे तिथे होतेच. प्रश्न घरोघरी पोहोचला.

प्रशासनाने स्त्रियांसाठी सुमारे सहाशे शब्दांच्या पत्रकाचा मसुदा मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने हरकत घेतली. अशा कागदामुळे डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्यात ढवळाढवळ होईल, असे तिचे म्हणणे होते. अखेर त्याच वर्षी जे पत्रक निघाले, ते शंभरेक शब्दांचे. गुठळ्यांचा उल्लेख त्यात राहिला. बाकीच्या माहितीसाठी डॉक्टरांकडे पुस्तिका मागा, असे सांगितले गेले. सविस्तर पत्रक यायला १९७८ उजाडले.

मला यातला खरा मुद्दा असा दिसतो: पोटरी अचानक दुखू लागली, छातीत कळ आली, धाप लागली, तर पहिल्यांदा ते कळते रुग्णालाच. ते कशाचे लक्षण असू शकते हे तिला ठाऊक असेल, तरच ती वेळेत डॉक्टरांकडे धावेल. रुग्णाला माहिती देणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. उपचारावरचा तो दुसरा पहारा आहे.

आपल्याकडील औषधांच्या अनेक माहितीपत्रकांवर आजही इंग्रजीत छापलेले असते, की हा मजकूर केवळ नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी आहे. म्हणजे औषध आपल्या पोटात आणि कागद दुसऱ्याच्या नावे. मनाने गोळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही. हे औषध कशासाठी, किती दिवस, चालू असलेल्या इतर औषधांबरोबर चालेल का, आणि काय झाले तर लगेच परत यायचे, हे चार प्रश्न चिठ्ठी हातात घेतानाच विचारावेत. वॉशिंग्टनच्या त्या सभागृहात स्त्रियांनी मागितले ते याहून फारसे वेगळे नव्हते.