थंडीत अंगणातल्या विटांना लोणा का लागतो? बादलीभर पाणी ओतण्याआधी हे वाचा

पावसाळा सरून महिना-दोन महिने झाले, सकाळी गारवा पडू लागला, की अनेक घरांपुढच्या विटांच्या अंगणावर पांढरी भुकटी दिसायला लागते. कुणी म्हणतं खार फुटला, कुणी म्हणतं लोणा लागला. पहिल्या वर्षी ती झाडून जाते. दोन-तीन वर्षांनी मात्र विटेचे पापुद्रे निघतात, कडा झिजतात आणि खराटा मारला की लाल भुसा गोळा होतो. हजार-दोन हजार विटा, वाळू, मजुरी असा सगळा खर्च मातीत जातो. त्याहून वाईट म्हणजे अंगणातली ओल हळूहळू घराच्या भिंतीत चढते.

बर्फ पडणाऱ्या मुलखात विटा फुटतात त्या पाणी गोठल्यामुळे. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि विटेला आतून तडकवतं. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. आपल्याकडे हे काम मीठ करतं. पावसाळ्यात वीट पाणी पिते. त्या पाण्यात मातीतले, वाळूतले आणि विटेतलेही क्षार विरघळलेले असतात. पाऊस थांबला, हवा कोरडी झाली की पाणी वरून उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वर राहिले तर नुसती पांढरी भुकटी दिसते. पण पृष्ठभागाच्या जरा खाली, विटेच्या बारीक छिद्रांत त्यांचे खडे वाढले तर ते वरचा थर ढकलून पाडतात. म्हणून नुकसान होतं पावसाळ्यात आणि दिसतं हिवाळ्यात.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त. पण इतर ठिकाणीही माणसं नकळत मीठ घालतच असतात. युरियाची किंवा डीएपीची फाटकी गोणी ओट्यावर ठेवली, गुरं अंगणात बांधली, बोअरच्या जड पाण्याने रोज अंगण धुतलं, की विटेला क्षारांचा खुराक मिळतो. शेणसडा मातीच्या अंगणाला शोभतो. विटेवर रोज पाणी मारलं तर वीट कधी वाळतच नाही.

भुकटी दिसली तर काय करायचं

आधी काय करायचं नाही ते. पाणी ओतून धुवायचं नाही. पाण्यात क्षार पुन्हा विरघळतात, आत शिरतात आणि आठ दिवसांनी परत वर येतात. कोरड्या दिवशी, ऊन चढल्यावर ताठ काड्यांच्या खराट्याने किंवा ब्रशने भुकटी झाडायची, सुपलीत भरायची आणि अंगणाबाहेर टाकायची. कडेला लोटून ठेवली तर पुढच्या पावसात ती पुन्हा विटांतच जाते. हिवाळाभर पंधरा दिवसांनी एकदा असं केलं तर बराच क्षार निघून जातो.

संडास साफ करायचं ॲसिड टाकू नये. वीट तेवढ्यापुरती लालभडक दिसते, पण ॲसिडमुळे नवे क्षार तयार होऊन आतच बसतात. शेवाळासाठी ब्लिचिंग पावडर मारलेल्या जागी तर ॲसिड अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दुसरी चूक म्हणजे वरून सिमेंटचा कोबा किंवा ऑइलपेंट. ओल खालून येते. वरची वाट बंद केली की ती कोब्याखाली साठते, क्षारही तिथेच जमतात आणि एक-दोन वर्षांत कोबा पोकळ वाजायला लागतो. विटेला श्वास घेऊ द्यावा, असं जुने गवंडी म्हणतात त्यात तथ्य आहे.

शेकोटी

याकडे कुणाचं लक्ष जात नाही. थंडीत थेट विटांवर शेकोटी पेटते आणि झोपायला जाताना वर तांब्याभर पाणी पडतं. तापलेली वीट एकदम गार झाली की तडकते. शिवाय लाकडाच्या राखेतले क्षार पाण्याबरोबर थेट विटेत उतरतात. जुन्या घमेल्यात किंवा बाजूला मातीवर शेकोटी करावी, राख थंड झाल्यावर उकिरड्यावर टाकावी.

खरा उपाय उताराचा

पाणी साचत असेल तर बाकी सगळं वरवरचं. अंगणाचा उतार घरापासून बाहेर हवा, दर पाच फुटांना साधारण एक इंच. बादलीभर पाणी ओतून एकदा बघावं: ते दाराकडे वळलं तर त्या पट्ट्यातल्या विटा काढून पुन्हा बसवाव्या लागतील. अंगण जोत्याच्या वर चढलेलं नसावं. पागोळ्या जिथे पडतात तिथे पन्हाळ लावावी, नाहीतर निदान खडीचा चर काढावा.

काळ्या मातीवर अंगण असेल तर माती पावसात फुगते, हिवाळ्यात भेगाळते आणि विटा वरखाली होतात. तिथे फूट-दीड फूट माती काढून मुरूम ठोकून भरायचा, वर दीड-दोन इंच वाळू टाकायची. वाळू नदीची, धुतलेली, खाडीची नको. सांध्यातही वाळूच भरावी, म्हणजे एखादी वीट खराब झाली तर तेवढीच उचलून बदलता येते.

नव्या विटा घ्यायच्या तर दिवाळीनंतर भट्ट्या लागतात, तेव्हा दोन-चार विटा आणून घरीच तपासाव्यात. कोरडी वीट किराणा दुकानाच्या काट्यावर तोलायची, 24 तास पाण्यात बुडवायची, पुसून परत तोलायची. तीन किलोची वीट 600 ग्रॅमहून जास्त पाणी प्याली तर ती अंगणात टिकणार नाही. दुसरी वीट ताटात इंचभर पाण्यात उभी ठेवायची. पाणी शोषून वाळलं की पुन्हा तेवढंच पाणी घालून वाळू द्यायचं. अर्ध्याहून जास्त भाग पांढरा झाला किंवा कपची निघाली, तर तो माल नाकारावा.

लोणा लागून काढलेल्या विटा फोडून नव्या बांधकामाच्या भरावात घालू नयेत, त्यांच्यातला खार तिथेही जातो. घरापासून लांब शेतरस्त्याच्या खड्ड्यात त्या खपतात.