नॅशविल १९६० : अहिंसक लढा म्हणजे विनवणी नव्हे

अहिंसा म्हणजे दुबळ्यांची विनवणी, असे आपले काही तरुण म्हणतात. पुणे कराराचा इतिहास ठाऊक असलेल्यांना हा शब्द ऐकताच उपोषणाचा दबाव आठवतो, यात नवल नाही. पण म्हणून अहिंसक लढ्याचे हत्यारच टाकून द्यायचे का? त्याआधी अमेरिकेतील नॅशविलच्या विद्यार्थ्यांनी काय केले ते पाहू.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा कृष्णवर्णीयांना दुकानात खरेदी करता येई, पण त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसता येत नसे. त्यांचा पैसा चालत होता, माणूस चालत नव्हता. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर बसले आणि नकार मिळूनही उठले नाहीत. १३ फेब्रुवारीला नॅशविलचे विद्यार्थी उतरले. त्यांची तयारी मात्र आधीच्या वर्षापासून चालू होती.

त्यांचे प्रशिक्षक होते जेम्स लॉसन. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारून ते तुरुंगात गेले होते. पुढे मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले, तेथे त्यांनी गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला आणि १९५६ मध्ये परतले. त्याच वर्षी त्याच नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. लॉसन गांधींकडून शिकले हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की नॅशविलमध्ये यश कशामुळे मिळाले?

चर्चच्या तळघरात सराव चाले. काही विद्यार्थी हल्लेखोर बनून शिव्या देत, ढकलत, आणि बाकीचे न उलटता जागेवर टिकायला शिकत. २७ फेब्रुवारीला खरा हल्ला झाला. पोलिसांनी ८० हून अधिक आंदोलकांना अटक केली आणि हल्लेखोर मोकळे राहिले. हा अनुभव आपल्याला नवा नाही. पण एक तुकडी गाडीत चढली की दुसरी त्याच खुर्च्यांवर येऊन बसे. दंड भरण्यास नकार देऊन विद्यार्थ्यांनी तुरुंग पत्करला. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले. इकडे कृष्णवर्णीय कुटुंबांनी ऐन ईस्टरच्या हंगामात शहरातील दुकानांवर बहिष्कार टाकला.

१९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक शांतपणे चालत नगरभवनावर गेले. डायन नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना सरळ विचारले आणि काउंटरवरील भेदभाव चूक आहे, हे त्यांना सर्वांसमोर मान्य करावे लागले. १० मे रोजी काउंटर खुले झाले. कोणाचे हृदयपरिवर्तन झाले असेल तर झाले असेल, पण त्याआधी दुकानदाराचा गल्ला रिकामा झाला होता आणि तुरुंगाची भीती संपली होती.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी त्यांना प्रतिहल्ल्यापासून रोखले आणि हक्काची लढाई न्यायालयात नेऊन १९३७ मध्ये जिंकली. तो संयम शरणागती नव्हता. दांडीयात्रा तर त्यानंतर तीन वर्षांनी निघाली. म्हणून अहिंसक लढा ही कोणा एकाची मालमत्ता समजून सोडून देऊ नये.

दुसरा धडा स्वतंत्र संघटनेचा. एप्रिल १९६० मध्ये एला बेकर यांनी विद्यार्थ्यांची परिषद बोलावली. विद्यार्थ्यांनी ज्येष्ठ नेत्यांची युवा शाखा होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून विद्यार्थ्यांची स्वतःची समन्वय समिती उभी राहिली. १९६१ मध्ये अलाबामात फ्रीडम रायडर्सची बस जाळली गेली, बर्मिंगहॅमला त्यांना मारहाण झाली आणि यात्रा थांबण्याची वेळ आली. तेव्हा डायन नॅश यांनी नॅशविलचे विद्यार्थी पाठवून ती पुढे नेली.

मित्रांनो, आपल्या मोर्चांना गर्दी कमी नसते. पण मोर्चाआधी कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण किती होते? अटक झाली तर पुढची तुकडी कोणती, वकील कोण, अत्याचार करणाऱ्याचा आर्थिक आधार कुठे आहे, हे आधी ठरलेले असते का? आणि आपले विद्यार्थी स्वतःचे निर्णय घेतात की एखाद्या गटाचे झेंडे धरतात? प्रत्येक वस्तीतल्या विहारात महिन्यातून एक रविवार या प्रश्नांसाठी ठेवता येईल. नॅशविललाही सुरुवात एका तळघरातूनच झाली होती.

जयभीम!