सनई टाकली, मग सॅक्सोफोन कशाला?

"बापजाद्यांनी वाजवणं सोडलं, आणि तुम्ही पोरांच्या हाती पुन्हा बाजा देता?" असा सवाल समाजातली जुनी माणसे करतात. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोनाळ्यासारख्या गावात बँडमध्ये ट्रम्पेट फुंकणारा एखादा शाळकरी पोरगा "मला आता सॅक्सोफोन शिकायचाय" म्हणाला, की हा सवाल आणखी तिखट होतो. सवाल रास्त आहे. म्हणूनच तो इतिहासात तपासला पाहिजे.

सनई, डफडे वाजवणे हे कुठे महारांच्या, तर कुठे मांगांच्या माथी मारलेले काम होते. लग्न गावाचे, पालखी गावाची. वाजवणारा मात्र मांडवाबाहेर. मिरवणूक देवळाशी आली की देव आत जायचा आणि वाजंत्री पायरीखाली थांबायचे. मोबदला म्हणजे बलुत्याचे धान्य आणि उरलेसुरले जेवण. दम कितीही असो, त्यांना कलावंत कोणी म्हटले नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले. १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. या लढ्यात गावोगाव गावकीची कामे नाकारली गेली, त्यात वाजवणेही होते. नकार देणाऱ्यांवर बहिष्कार पडले. तेव्हा सनई खाली ठेवणे हे बंडच होते, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही.

पण मित्रहो, बाबासाहेबांनी संगीत टाकायला सांगितले नव्हते. ते स्वतः व्हायोलिन शिकले. भीमराव कर्डकांनी तमाशाचीच ढोलकी हाती घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला. वाद्य तेच राहिले, हुकूम करणारा बदलला. वाजवणे ही गुलामी नव्हती. कोणाच्या हुकमाने वाजवायचे, हे जातीने ठरवणे ही गुलामी होती. आपण गुलामी टाकली आणि तिच्यासोबत घराघरातली फुंकही विझली, याचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही.

आता सॅक्सोफोनकडे येऊ. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, तरी त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते, कारण त्यात रीड बोलते. ट्रम्पेटमध्ये ओठच थरथरतात आणि तीन कळांवर काम भागते. सॅक्सोफोनमध्ये बोरूची पातळ पट्टी थरथरते, खालचा ओठ दातांवर मुडपावा लागतो आणि दोन्ही हातांची बोटे गुंततात. ट्रम्पेटवाल्या पोराचे ओठ सवयीने आवळलेले असतात. ते सैल सोडेपर्यंत सूर चिरकतो. दम मात्र कामी येतो. गंमत अशी की सनईतही रीडच असते, फक्त ती दुहेरी. म्हणजे पणजोबाची सनई नातवाच्या ट्रम्पेटपेक्षा सॅक्सोफोनच्या जवळची!

हीच वाट न्यूयॉर्कच्या एका काळ्या पोराने चालली होती. बेनी कार्टर, जन्म १९०७. शेजारच्या बबर मायलीसारखे वाजवायचे म्हणून त्याने पैसे साठवून ट्रम्पेट घेतला. तो काही लगेच जमेना, तेव्हा तो देऊन त्याने सॅक्सोफोन घेतला. पुढे तो जॅझमधला अव्वल सॅक्सोफोनवादक झाला, आणि मोठेपणी ट्रम्पेटही शिकला. आम्हाला त्याचे अप्रूप वेगळ्याच कारणाने आहे. लॉस एंजेलिसमध्ये गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या युनियन वेगळ्या होत्या. त्या एक करण्याच्या लढ्यात कार्टर होता, आणि १९५३ साली त्या एक झाल्या. वाद्य बदलले तसे युनियनचे दारही उघडवून घेतले.

हे जग आपल्यापासून लांब नव्हते. ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. त्याच वर्षी लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवत होता. गोव्याच्या वादकांनी तो बाज उचलला आणि हिंदी सिनेमात नेला. त्यांना चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन शिकायला मिळत असे. आपल्या पोरांना ते कोणी शिकवले? अमेरिकेत शाळेच्या जॅझ बँडमध्ये पोरगा ट्रम्पेट ठेवून सॅक्सोफोन उचलतो, कारण तिथे वाद्य बरेचदा शाळेकडून किंवा भाड्याने मिळते. इथे लग्नाच्या बँडमधली वाद्ये मालकाची असतात. राजासारखा गणवेश घातलेला वादक आजही वऱ्हाडाच्या पुढे चालतो आणि जेवायला शेवटी बसतो. त्या पोराला सॅक्सोफोन नाकारून ही पंगत बदलणार आहे का?

म्हणून आमचे म्हणणे असे, की १४ एप्रिलच्या वर्गणीतली डीजेची एका वर्षाची रक्कम बाजूला काढावी. तिच्यात जुना का होईना, एक टेनर सॅक्सोफोन घ्यावा आणि तो विहारात ठेवावा. टेनरच, कारण तो ट्रम्पेटप्रमाणेच बी-फ्लॅटमध्ये असतो आणि त्या पोराला ट्रम्पेटच्या स्वरलेखनावरच सराव सुरू करता येतो. रीडची पेटी जास्तीची घ्यावी, नवशिक्यांकडून त्या लवकर तुटतात.